कादंबरीतला कर्ण आणि आजींची पोथी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळला का ते तुम्हालाही दिसेल. वय २४, राहायला जुळे सोलापुरात. दिवाळीच्या सुट्टीत कर्णावरची 'मृत्युंजय' ही कादंबरी वाचून काढली आणि शेवटी रडू आवरेना. मग मित्रानं पाठवलेल्या एका व्हिडिओत ऐकलं की यातलं बरंचसं व्यासांच्या महाभारतात नाहीच, आणि फसवल्यासारखं वाटलं. त्यात घरी आजी, ज्या रोज सकाळी अंघोळीनंतर 'पांडवप्रताप' वाचतात, त्या म्हणाल्या, "देवाधर्माच्या गोष्टीत मनचं घालणारी पुस्तकं घरात नकोत." आता तुम्ही विचारताय की खरं काय धरायचं, असली पुस्तकं वाचावीत की नाही, आणि वाचायची तर कशी.

मी सोलापुरात २७ वर्षं ग्रंथपाल होते. त्यातली १९ वर्षं दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी वाचनकट्टा चालवला. हा प्रश्न देवघेवीच्या टेबलापाशी मला किती जणांनी विचारला असेल याची गणती नाही. 'मृत्युंजय'ची आमच्याकडची एक प्रत चार वेळा बांधून घ्यावी लागली. बाइंडरकडे पाठवण्याआधी मी प्रत चाळून बघायची. कुठली पानं जास्त हाताळली गेलीत ते कडांवरून कळतं. कवचकुंडलांच्या दानाची पानं दर वेळी काळवंडलेली आणि शिवणीतून सुटलेली असायची. त्याच पानांवर समासात कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं, "हे खरंच घडलं का?" खाली दुसऱ्याच अक्षरात, "माहीत नाही. पुढे वाच." ग्रंथालयाच्या पुस्तकावर लिहू नका असं मी जन्मभर सांगत आले, पण ते दोन शेरे मला खोडवले नाहीत.

तुमच्या 'खरं काय' या एका प्रश्नात तीन प्रश्न अडकलेत, आधी ते सोडवून घेऊ. असं काही प्रत्यक्ष घडलं होतं का, हा पहिला. तो उत्खनन करणाऱ्यांचा आणि इतिहासकारांचा प्रश्न आहे, तिथे कादंबरीची साक्ष चालत नाही. जुन्या ग्रंथात ते तसं लिहिलंय का, हा दुसरा. तो कुणालाही तपासता येतो, ग्रंथ उघडून बसायचं. आणि कादंबरीनं माणसाविषयी जे सांगितलं ते पटतं का, हा तिसरा. तुम्हाला रडू आलं ते या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर, आणि फसवल्यासारखं वाटलं ते दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर. दोन्ही एकाच वेळी बरोबर असू शकतात. शिवाजी सावंतांनी पुस्तकावर 'कादंबरी' असंच लिहिलंय. आपण वाचताना ते विसरतो, कारण कर्ण आपल्याला आधीपासून ओळखीचा असतो.

सगळ्यांना लागू पडेल असं एकच उत्तर मात्र मी देऊ शकत नाही. वाचणारा कुठल्या घरातला आहे, त्याची श्रद्धा किती आणि कशावर आहे, वय काय, आणि तो एकटाच वाचतोय की कुणासोबत, यावर पुष्कळ अवलंबून आहे. दहा वर्षांच्या मुलाच्या हातात मी आधी परंपरेतली गोष्टच देते. ज्याला पहिलं चित्र माहीत नाही, त्याला दुसऱ्या चित्रात काय बदललंय ते कळणार कसं? तुम्ही मोठे आहात आणि गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून तुमच्याशी मोकळेपणानं बोलते.

माझा सगळा अनुभव एका शब्दात सांगायचा तर तो शब्द 'वळण'. जुनी गोष्ट नव्यानं सांगणारा लेखक कुठेतरी जुनी वाट सोडून वळतो. ते वळण शोधायचं, आणि तो तिथेच का वळला हे विचारायचं. एक जागा जवळून दाखवते.

उद्योगपर्व. युद्ध ठरल्यात जमा आहे. कुंती कर्णाला भेटायला गंगेवर जाते. कर्ण पूर्वेकडे तोंड करून, हात वर करून जप करतोय. कुंती त्याच्या मागे उभी राहते आणि जप संपायची वाट बघते. ऊन चढत जातं. ती कर्णाच्या उत्तरीयाच्या सावलीत उभी आहे, सुकत चाललेल्या कमळांच्या माळेसारखी. पाठ तापेपर्यंत कर्ण जप करतो, मग वळतो, तिला बघतो, हात जोडतो आणि म्हणतो की राधेचा आणि अधिरथाचा मुलगा कर्ण आपल्याला वंदन करतो. त्यावर कुंतीचं उत्तर असं की तू कौंतेय आहेस, राधेय नव्हेस.

व्यासांनी दिलंय ते एवढंच. ती सावलीत उभी असताना तिच्या मनात काय चाललं होतं, यावर एक अक्षर नाही. जन्मताच पाण्यात सोडलेल्या मुलाच्या अंगावरच्या वस्त्राची सावली आईनं घ्यावी, आणि ग्रंथानं त्यावर काहीही न बोलता पुढे जावं. सोलापुरात मे महिन्यात भर उन्हात रिक्षाची वाट बघत एखाद्याच्या छत्रीच्या कडेला जो उभा राहिलाय, त्याला ही ओळ वाचून कळायचं ते कळतं. व्यास माणसांना बोलायला लावतात, वागायला लावतात, पण त्यांच्या मनात फारसं शिरत नाहीत. आजच्या कादंबरीकाराला नेमकी तिथेच जागा मिळते. 'मृत्युंजय'ची रचनाच बघा. कर्ण, कुंती, दुर्योधन, कर्णाची बायको वृषाली, त्याचा भाऊ शोण, कृष्ण असे एकेक जण 'मी' म्हणून बोलतात. व्यासांनी ज्या जागा मोकळ्या ठेवल्या त्या सावंतांनी या सहा जणांच्या मनांनी भरल्या. आता हे वळण तुम्हाला दिसलं की व्हिडिओतल्या वाक्याचा त्रास होणार नाही. "हे व्यासांत नाही" हे वाक्य खरंच आहे, फक्त ते कादंबरीचा गुन्हा म्हणून सांगितलं गेलं.

आता दुसरी बाजूही तेवढ्याच आग्रहानं सांगते, कारण कर्णावर जीव जडलेले पुष्कळ वाचक इथे थांबतात. वृषाली हे नाव व्यासांच्या महाभारतात सापडत नाही. उद्योगपर्वातच कृष्णाशी बोलताना कर्ण म्हणतो की मी तरुण झालो तेव्हा अधिरथानं माझी लग्नं करून दिली, त्या बायकांपासून मला मुलं झाली, नातवंडं झाली. 'बायका', अनेकवचन. वृषालीसारखी एकनिष्ठ पत्नी ही कादंबरीची निर्मिती आहे, आणि ती एकोणिसशे साठच्या दशकातल्या मराठी वाचकाच्या संसाराच्या कल्पनेशी जुळणारी आहे. हे कळलं म्हणून वृषाली मला कमी आवडते असं नाही. पण लेखकाचा काळ तिच्या तोंडून बोलतोय हे दिसतं.

आणि सभापर्व. ते नक्की वाचा, टाळू नका. द्यूतसभेत द्रौपदीला 'बंधकी' म्हणजे वेश्या म्हणणारा कर्ण आहे. तिची वस्त्रं उतरव असं दुःशासनाला सांगणाराही कर्णच. पुढे वनपर्वात, दुर्योधन गाईगुरं बघायच्या निमित्तानं वनात जातो त्या घोषयात्रेत, गंधर्वांपुढून रण सोडून जाणाराही तोच. आमच्या कट्ट्यावर एका कॉलेजच्या मुलानं सभापर्वाचं भाषांतर वाचलं आणि पुढच्या बैठकीत तो अर्धा तास गप्प बसून होता. शेवटी म्हणाला, "मॅडम, मला तो आवडतो हो अजून, पण आता त्याची भीती पण वाटते." मला वाटतं तो त्या दिवशी कर्णाच्या फार जवळ गेला.

'जुन्या ग्रंथात आहे का' हा प्रश्न तपासायचा म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो: जुना ग्रंथ म्हणजे कुठला? महाभारताची शेकडो हस्तलिखितं आहेत आणि ती एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९१९ साली चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं, १२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली आणि १९६६ साली, म्हणजे ४७ वर्षांनी, ते पुरं केलं. वि. सी. सुखठणकरांसारख्या माणसांनी त्यात आयुष्य घातलं. काम असं चालतं: एकच श्लोक काश्मीरच्या, बंगालच्या, दक्षिणेच्या पोथ्यांत कसा आहे ते शेजारी शेजारी मांडायचं. सगळीकडे आहे ते मुख्य संहितेत घ्यायचं आणि एखाद्या प्रदेशातच आहे ते तळटीपेत किंवा परिशिष्टात ठेवायचं. काहीच फेकून द्यायचं नाही. मला या कामातली ही गोष्ट फार मोठी वाटते.

यातून काय निघालं बघा. स्वयंवरात द्रौपदी "मी सूताला वरणार नाही" म्हणते, ते चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही, तळटीपेत आहे. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा द्रौपदी "आंधळ्याचा मुलगा आंधळाच" म्हणते, असं आपण लहानपणापासून ऐकतो, आणि तेही व्यासांत नाही. दुर्योधन घरी जाऊन बापाला सांगतो की ती बायकांसह हसली. ते टोचणारं वाक्य मात्र नंतर कुणीतरी तिच्या तोंडी घातलं. म्हणजे आपण ज्याला 'मूळ' म्हणून कादंबरीला जाब विचारतो, त्यातही आधीच्या सांगणाऱ्यांनी भर घातलेली असते. आणि चिकित्सक आवृत्ती म्हणजे 'असंच घडलं' याचा पुरावा नाही, हेही ध्यानात ठेवा. हस्तलिखितांच्या आधारे जितकं मागे जाता येतं तितक्या मागचा तो पाठ आहे.

इथेच मला तुमच्या आजींच्या पोथीकडे यायचंय. 'पांडवप्रताप' लिहिणारे श्रीधरस्वामी आपल्याच जिल्ह्यातले, सांगोला तालुक्यातल्या नाझऱ्याचे. जन्म १६५८, समाधी १७२९. 'हरिविजय' १७०२, 'रामविजय' १७०३ आणि 'पांडवप्रताप' १७१२. अठरा पर्वांचा पसारा त्यांनी ६४ अध्यायांच्या मराठी ओव्यांत आणला. पंढरपुरात राहिलेल्या या माणसानं महाभारत सांगितलं ते विठ्ठलाच्या पायाशी बसून. त्यात काय घ्यायचं, काय गाळायचं, कुठे थांबून कृष्णाची स्तुती करायची, हे सगळे श्रीधरांचे निर्णय. तुमच्या आजी रोज सकाळी वाचतात तेसुद्धा एका मोठ्या कवीनं नव्यानं सांगितलेलं महाभारत आहे. हे वाद जिंकायला वापरू नका, त्याबद्दल पुढे सांगते. पण तुमच्या मनातली 'एकीकडे खरी पोथी, दुसरीकडे मनची कादंबरी' अशी जी फाळणी झालीय, ती यानं मोडेल. फरक आहे, आणि तो मोठा आहे. श्रीधर भक्तीसाठी सांगतात आणि सावंत एका उपेक्षित माणसाची बाजू मांडण्यासाठी. नव्यानं सांगणं मात्र दोघांच्याही हातून झालंय.

आणि हे आजकालचं नाही. कालिदासाचं शाकुंतल घ्या. आदिपर्वातल्या शकुंतलेच्या गोष्टीत ना अंगठी आहे, ना दुर्वासांचा शाप. तिथे दुष्यंताला सगळं आठवत असतं, तरी तो भरसभेत ओळख नाकारतो, आणि शकुंतला मुलाला शेजारी घेऊन त्याला खडे बोल सुनावते. शेवटी आकाशवाणी होते तेव्हा तो कबूल करतो की लोक काय म्हणतील म्हणून असं वागलो. कालिदासानं शाप आणि अंगठी आणली आणि राजाच्या माथ्यावरचा दोष उतरवला. केवढं मोठं वळण! अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ते मराठी रंगभूमीवर आणलं, आणि आज शकुंतला म्हटलं की आपल्याला अंगठीच आठवते.

सोलापुरात राहून या विषयाचा जेवढा अनुभव मिळतो तेवढा फार थोड्या गावांत मिळत असेल, कारण इथे एकच गोष्ट तीन-चार भाषांत आणि तितक्याच परंपरांत जिवंत आहे. पूर्व भागातले पद्मशाली समाजाचे एक काका आमच्या कट्ट्यावर यायचे, आयुष्यभर मागावर काम केलेले. मार्कंडेयाची गोष्ट निघाली. सोळा वर्षांचं आयुष्य, शिवलिंगाला मिठी, यमाचा पाश, शंकर प्रकट होतात आणि यमाला माघारी जावं लागतं. मी तिथे थांबले. काका म्हणाले, "आमची गोष्ट तिथून सुरू होते की!" त्यांच्या परंपरेत मार्कंडेयाचा मुलगा भावनाऋषी, त्यानं कमळाच्या देठातल्या तंतूंचं सूत काढून देवांसाठी कापड विणलं, आणि पद्मशाली हे त्याचे वंशज. बोलताना काकांची बोटं धागा पिळल्यासारखी हलत होती. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा माणसं ज्या गोष्टीमागून चालतात, ती एका समाजानं आपल्या हातातल्या कामापर्यंत आणलेली गोष्ट आहे. ती पुराणात कितव्या अध्यायात आहे असं विचारणं मला तेव्हा सुचलं नाही, आणि नाही सुचलं ते बरं झालं.

कट्ट्यावरच्या एका जैन आजोबांनी मला 'पउमचरिय'ची ओळख करून दिली. विमलसूरींचं हे रामायण महाराष्ट्री प्राकृतात आहे, म्हणजे मराठीच्या पूर्वज भाषेत. त्यात राजा श्रेणिकाला तुमच्यासारखाच प्रश्न पडतो. कुंभकर्ण सहा महिने झोपतो कसा, वानर राक्षसांना हरवतात कसे, हे लोक सांगतात ते मला पटत नाही, असं तो महावीरांचे शिष्य गौतम यांना विचारतो. मग गौतम त्याला वेगळी कथा सांगतात. वानर हे वानर नव्हेत, ते ध्वजावर वानराचं चिन्ह असलेलं विद्याधरांचं, म्हणजे विद्या सिद्ध झालेल्यांचं, कुळ. रावणाला दहा तोंडं नव्हती, लहानपणी गळ्यातल्या हारातल्या रत्नांत त्याच्या चेहऱ्याची नऊ प्रतिबिंबं दिसली म्हणून तो दशमुख. आणि रावणाला मारतो लक्ष्मण, कारण राम मोक्षाला जाणारा आहे, त्याच्या हातून हिंसा होऊ शकत नाही. चमत्कार काढून टाकून पुराणकथा लिहिणं ही आजच्या कादंबरीची नवी युक्ती आहे असं कुणी म्हणालं, की मी त्यांना या जुन्या प्राकृत ग्रंथाचं नाव सांगते.

सिद्धरामेश्वरांच्या बाबतीत मात्र मी जास्त जपून वाचते. ते बाराव्या शतकातले, इतिहासातले, आणि आपल्या गावाचे ग्रामदैवत. त्यांची स्वतःची कन्नड वचनं आहेत, आणि राघवांकानं तेराव्या शतकात लिहिलेलं त्यांचं चरित्रकाव्य आहे. शिवाय दर वर्षी संक्रांतीच्या यात्रेत संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, सिद्धरामांच्या योगदंडाशी लग्न लागलेल्या कुंभारकन्येची ती आठवण. अशा व्यक्तीवर कादंबरी लिहिली गेली तर वचनं, काव्य, दंतकथा आणि लेखकाची कल्पना यांचे सांधे कुठे आहेत ते मी आधी बघते. कर्णाच्या बाबतीत कल्पनेला जी मोकळीक मी देते, ती इथे देत नाही. ज्याचे शब्द शिल्लक आहेत, त्याच्या तोंडी आपले शब्द घालताना लेखकानं अधिक विचार करायला हवा असं मला वाटतं.

आता पुस्तकं सगळी एका जातीची नसतात, हे थोडक्यात. एका पात्राच्या नजरेनं जुनी गोष्ट सांगणारी, जशी 'मृत्युंजय' किंवा रणजित देसाईंची 'राधेय'. चमत्कार बाजूला ठेवून माणसांची गोष्ट सांगणारी, जशी भैरप्पांची कन्नड 'पर्व'. आणि देवांची नावं घेऊन अगदी नवं जग उभं करणारी, जी गेल्या पंधरा-वीस वर्षांत खूप आली आणि तरुण मुलं आवडीनं वाचतात. ही तिसऱ्या जातीची पुस्तकं साहसकथा म्हणून वाचावीत. मला त्यांच्यात फार गोडी वाटली नाही, पण ती वाचून तीन मुलं माझ्याकडे शिवपुराणाचं भाषांतर मागायला आली होती, हेही तितकंच खरं. मला आक्षेप आहे तो चौथ्या प्रकाराला. गोष्ट कादंबरीची, आणि मलपृष्ठावर दावा असा की आजवर दडवून ठेवलेला खरा इतिहास हाच. असा दावा दिसला की आधार विचारा. आधार नसेल तर पुस्तक परत ठेवा.

'पर्व'वर आम्ही तीन शनिवार घालवले. उमा कुलकर्णींचं मराठी भाषांतर आम्ही वाचत होतो आणि अक्कलकोटकडचे एक गुरुजी मूळ कन्नड हातात धरून बसायचे. त्यात देव म्हणजे हिमालयात राहणारे लोक, पांडव त्यांच्यापासून नियोगानं, म्हणजे नवऱ्याच्या संमतीनं दुसऱ्या पुरुषापासून, झालेले, आणि कृष्ण देव नाही. दुसऱ्या शनिवारी एक बाई शांतपणे उठल्या आणि म्हणाल्या, "माझ्या कृष्णाला असं वाचवत नाही मला." मी त्यांना अडवलं नाही, समजावलंही नाही. पुढच्या पुस्तकाला त्या परत आल्या. कुठलंही पुस्तक वाचलंच पाहिजे असा नियम नसतो, आणि ज्याची श्रद्धा दुखते त्यानं पान मिटलं तर तो कमी वाचक ठरत नाही.

वाचायचं कसं, तर मी एक साधी वही ठेवते. डाव्या पानावर कादंबरीतला प्रसंग, उजव्या पानावर जुन्या ग्रंथात तो कसा आहे ते. खाली एकच ओळ, लेखक इथे का वळला असेल. सगळे प्रसंग घ्यायचे नाहीत, वही अर्ध्यात सुटते. पाच-सहा पुरेत. ज्या प्रसंगाला रडू आलं किंवा राग आला, तेच घ्या. आणि गोष्ट कोण सांगतंय, कुणाला बोलूच दिलं नाही, हेही टिपा. कर्णाच्या कादंबऱ्या वाचून पुष्कळांना द्रौपदीचा राग येतो. तो राग तिच्या वागण्यामुळे आला, की गोष्ट तिच्या बाजूनं सांगितलीच गेली नाही म्हणून आला, हे वहीत आपोआप दिसतं.

राहिल्या आजी. इथे मी स्वतः चुकले आहे, ते सांगते. नवी नोकरी होती, वाचन ताजं होतं. सासूबाई नातवाला सीताहरणाची गोष्ट सांगत होत्या आणि मी स्वयंपाकघरातून म्हणाले, "वाल्मीकींच्या रामायणात लक्ष्मणरेषा नाहीच, आई. शबरीची उष्टी बोरंही नाहीत." दोन्ही गोष्टी बरोबरच होत्या. सासूबाई थांबल्या, "असेल बाई, तू शिकलेली," एवढंच म्हणाल्या, आणि त्यानंतर कित्येक महिने माझ्यासमोर त्यांनी गोष्ट सांगितली नाही. माझ्या मुलाच्या वाट्याच्या तेवढ्या गोष्टी माझ्यामुळे बुडाल्या. त्याचं मला आजही वाईट वाटतं. पुढे एकदा मी त्यांना नुसतं विचारलं, "तुमच्या आईकडे जात्यावर सीतेची ओवी होती का हो?" तेव्हा त्या जे गाऊ लागल्या त्यात सीतेचं दुःख असं आणि इतकं होतं की वाल्मीकींचा विषयच निघाला नाही. त्यांच्या रामायणातही बायकांनी घातलेली भर होतीच. मी तोवर ती ऐकून घेतली नव्हती.

म्हणून आजींना पटवायला जाऊ नका. 'पांडवप्रताप' हीसुद्धा कादंबरीसारखीच आहे, असं तर चुकूनही म्हणू नका. एक तर ते पूर्ण खरं नाही, आणि दुसरं, त्यांच्यासाठी ती पोथी म्हणजे सकाळचा नेम आहे, तिला हळदकुंकू लागतं. त्यांचा आक्षेप मला अगदी समजतो. आपण ज्यापुढे हात जोडतो त्याच्याशी कुणी खेळ केला तर, ही त्यांची भीती आहे. तुम्ही एवढंच विचारा की आजी, तुमच्या पोथीत कुंती कर्णाला भेटते तो भाग कुठल्या अध्यायात आहे, मला वाचून दाखवता का. ओवी मोठ्यानं वाचायची असते, मनातल्या मनात वाचून तिची चाल कळत नाही. त्या वाचतील तेव्हा मध्ये बोलू नका. झाल्यावर त्यांना वाटलं तर तुम्ही कादंबरीतलं तेच पान वाचून दाखवा. नको म्हणाल्या तर नको.

पुस्तकांचा क्रम तुम्ही मागितला होता. आधी उद्योगपर्वातला कृष्ण-कर्ण आणि कुंती-कर्ण संवाद, मग सभापर्वातलं द्यूत, दोन्ही मराठी भाषांतरात. मोठ्या वाचनालयांत महाभारताच्या जुन्या मराठी भाषांतराचे जाडजूड खंड असतात, बहुधा संदर्भ विभागात, घरी देत नाहीत. वही घेऊन जा आणि सकाळच्या वेळेला जा, दुपारी वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांची गर्दी असते. त्यानंतर इरावती कर्व्यांचं 'युगांत'. ते कादंबरी नाही, निबंध आहेत, आणि ते आले 'मृत्युंजय'च्याच वर्षी, १९६७ मध्ये, चिकित्सक आवृत्ती पुरी झाल्यानंतर वर्षभरात. इरावतीबाईंनी त्या आवृत्तीचा आधार घेतलाय आणि त्या कर्णाला कसलीही सवलत देत नाहीत. एकाच वर्षी मराठीत कर्णाची अशी दोन चित्रं आली, ती शेजारी ठेवून बघा. मग 'मृत्युंजय' पुन्हा, या वेळी हळू. 'पर्व' सगळ्यात शेवटी, आणि तेही मन झालं तरच. दुर्गा भागवतांचं 'व्यासपर्व' यात कुठेही बसेल, ते मी अजूनही उशाशी ठेवते.

दुसऱ्यांदा 'मृत्युंजय' वाचताना गंगेकाठचा तो प्रसंग आला की पुस्तक जरा बाजूला ठेवा आणि वहीतलं उजवं पान काढा. तिथे तुमच्याच अक्षरात लिहिलेलं असेल: उत्तरीयाची सावली, तापलेली पाठ, वाट बघत उभी असलेली आई.